चूक हाताची कीं ओट्याची?

स्वयंपाकघरांत अपघात झाला म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरीं तो विचारला जातो त्या घरच्या गृहिणीस तो क्षुल्लक नसतो. गतवर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस आम्हांस मुंबईस जाण्याचा प्रसंग आला असतां गोवंडी येथें एका कुटुंबाची भेट झाली, व तेथें जें पाहिलें त्यावरून हा विचार आमच्या मनांत घोळत राहिला आहे. वाचकांपैकीं पुष्कळांचे भाऊबंद त्या बाजूस पोटासाठीं गेलेले आहेत. तेव्हां तेथील घराचें वर्णन त्यांस अगदींच परकें वाटणार नाहीं.

गोवंडी हें मुंबईच्या पूर्व उपनगरांपैकीं एक. त्यालगत देवनार येथें १९२७ सालापासून शहराचा कचरा टाकण्यांत येऊं लागला, आणि पुढें शहरांतून उठविलेल्या वस्त्यांतील माणसांसही त्याच बाजूस जागा नेमून देण्यांत आल्या. १९७६ सालीं जनता कॉलनी मोडून तेथील लोकांस जवळच्या चीता कॅम्पांत नेलें, तेव्हां एका कुटुंबाच्या वांट्यास दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब एवढी जागा आली. आम्ही ज्या घरीं गेलों तेंही साधारण त्याच मापाचें. एवढ्यांत पांच माणसें, पोटमाळा, मोरी आणि स्वयंपाक.

घरधनी रिक्षा चालवितो. त्याची पत्नी पहांटे चार वाजतां पाण्यासाठीं उठते, व घरचें आटोपून आणखी काहीं कामगारांचे डबे करून देते. एका वर्षाच्या आंत त्यांच्या स्वयंपाकाच्या जागेंत तीन अपघात झाले. प्रथम भिंतीवरील फळी लोणच्याच्या बरण्यांसह खालीं आली. पुढें उंदरांनीं गॅसची नळी कुरतडली, आणि रात्रीं वास आला म्हणूनच तें कळलें. तिसरा अपघात मोठा: उकळत्या वरणाचें पातेलें कलंडून धाकट्या मुलाचें पाऊल भाजलें. (येथें ओघानेंच सांगून ठेवितों, कीं भाजलेल्या जागेवर हळद, तूप किंवा दांत घासण्याची पेस्ट लावूं नये, ती जागा वाहत्या गार पाण्याखालीं वीस मिनिटें धरावी व मग दवाखाना गांठावा.)

"साहेब, हिच्या हातालाच यश नाहीं," गृहस्थ आम्हांस म्हणाला. "शेजारच्या बाया काय कमी राबतात? त्यांच्याकडं होतं का असं?"

सांगण्यास लज्जा वाटते, पण आम्हीही त्या माउलीस सावधपणाविषयीं चार शब्द ऐकविले. असे शब्द आमच्याजवळ नेहमींच तयार असतात. तिनें ते ऐकून घेतले व एवढेंच म्हटलें, "साहेब, एकदां तिथं बसून बघा."

आम्ही बसलों. शेगडी जमिनीवर दोन विटांवर ठेविलेली, व त्यांतील एक वीट झिजून दुसरीहून बुटकी झालेली. पाठीशीं सिलिंडर, डावीकडे मोरी, आणि मोरीकडे जाण्यास वाट एकच, ती शेगडीवरून. घरांतील सर्व माणसें दिवसांतून कितीदां तरी उकळतें भांडें ओलांडून जात येत असत. उजेड काय तो दाराचा, आणि बसणारीची सावली नेमकी पातेल्यांत पडे. फळी जिला ठोकली होती ती भिंत ओलीनें फुगलेली होती. पांच मिनिटें तेथें बसल्यावर आम्हांस उलटाच प्रश्न पडला, कीं ह्या जागीं वर्षाकाठीं तीनच अपघात कसे झाले?

अपघातास आपण बहुधा दोनच नांवें देतों. दैव म्हटलें म्हणजे दोष कोणाचाच नाहीं. निष्काळजीपणा म्हटलें म्हणजे जिच्या हातीं पळी तिचाच. दोन्ही नांवांत एक सोय आहे, ती ही कीं कोणाला पैसा खर्च करावा लागत नाहीं. परंतु एकाच उंबऱ्याला तीन जण ठेचाळले तर आपण तिघांच्या पायांस नांवें ठेवीत नाहीं, उंबरा पाहतों. चुलीपाशीं मात्र हा न्याय आपण विसरतों, कारण तेथें ठेचाळणारी बहुधा एकच असते, आणि ती सहसा तक्रार करीत नाहीं.

कोणी म्हणेल, दोष असा विटांवर ढकलूं लागलें तर मनुष्याची जबाबदारी ती काय उरली? हा आक्षेप पोकळ नाहीं. पेटती शेगडी सोडून गप्पा मारावयास जाणारीस ओटा कसा वांचविणार? पण लक्ष हें कणगींतील धान्यासारखें आहे; जेवढें असेल तेवढेंच काढतां येतें. पहांटे चारला उठलेल्या बाईची कणगी रात्रीं नऊ वाजतां तळाला गेलेली असते. जें घर तिच्यापाशीं आठही प्रहर पूर्ण लक्ष मागतें, आणि एक वीट सरळ करून देत नाहीं, तें तिच्यापाशीं न्यायानें मागत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आतां पैशाचें पाहूं. भिशीचे पंधरा हजार रुपये हातीं आले होते. गृहस्थाचा बेत असा कीं दारासमोरच्या भिंतीस रंगीत फरशा बसवाव्या व उरल्यास नवें फडताळ घ्यावें. पाहुणा दारांत उभा राहिला कीं त्याची दृष्टि प्रथम त्या भिंतीवर जाते! पत्नीस विचारलें तेव्हां (विचारण्यास आमच्यासारखा परका माणूस लागावा, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे) तिनें बोटांवर मोजून सांगितलें: शेगडी वर उचलावी, मोरीची वाट मोकळी करावी, नळी बदलावी, वरच्या बाजूस एक झरोका पाडावा.

तिनें उचललेल्या शेगडीची गोष्ट प्रथम घेतली ती योग्यच होती. सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर धुराप्रमाणें वर जात नाहीं. पाण्यासारखा जमिनीवर पसरतो व खोलगट जागीं साठतो. शेगडी जमिनीवर असली म्हणजे गळलेला गॅस आपण होऊन ज्वाळेपाशीं जातो. म्हणून शेगडी ओट्यावर, सिलिंडर खालीं उभा, आणि ओट्याखालची जागा उघडी असावी. ती दार लावून बंद करूं नये. नळी आंतून तारेचें जाळें असलेली, प्रमाणित घ्यावी व पांच वर्षांनीं बदलावी. तिच्यावर कापड गुंडाळूं नये, नाहींतर चीर पडलेली दिसत नाहीं. निजण्यापूर्वीं रेग्युलेटर बंद करावा. वास आल्यास दिव्याचें बटण दाबूं नये, दारें खिडक्या उघडून बाहेर पडावें व १९०६ ह्या क्रमांकास कळवावें.

हें आम्ही खेड्यांतील वाचकांसाठींही लिहितों. २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हांपासून पुष्कळ गरीब घरीं सिलिंडर आला. परंतु शेगडी भुईवर, सिलिंडर तिला खेटून, आणि चार हातांवर पेटती चूल, असा संसार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. मातीच्या घरांत गुडघ्याएवढा ओटा घालण्यास दोन दिवसांची मेहनत पुरते.

सुंदर दिसण्याची इच्छा वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. पण दिसणें आणि वापरणें ह्यांत गल्लत झाली म्हणजे काय होतें, ह्याचें मोठें उदाहरण गोवंडींतच आहे. नटवर पारेख कंपाऊंडसारख्या पुनर्वसनाच्या वसाहतींत लोकांस सव्वादोनशें चौरस फुटांचीं पक्कीं घरें मिळालीं. तथापि इमारती एकमेकींस इतक्या लागून उभ्या केल्या कीं खालच्या मजल्यांवर ऊन व वारा पोहोंचेना. तेथें क्षयरोग अधिक आढळण्याचा ह्या अंधाराशीं संबंध असल्याचें २०१८ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें. उलट १९२६ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नांवाच्या बाईंनीं कामगारांच्या घरांसाठीं जें लहानसें स्वयंपाकघर आंखलें, त्याची सुरुवात त्यांनीं रांधणारीचीं पावलें मोजण्यापासून केली. तशीं सुमारें दहा हजार बसविण्यांत आलीं. त्यांत दोघींना धड उभें राहतां येत नसे, हा दोष पुढें पुष्कळांनीं दाखविला. तरी प्रश्न प्रथम योग्य ठिकाणीं विचारला गेला होता.

आमच्या गृहस्थानें दोन दिवस तोंड वांकडें केलें. मग मानखुर्दला मंडाळ्याच्या भंगारवाल्यांकडून पाडलेल्या घराचा कडाप्पा आणला. गवंड्यानें विचारलें, "ओटा किती उंच?" गृहस्थ स्वतःच्या कमरेशीं हात नेऊं लागला, तो गवंडी म्हणाला, "तुमचा नव्हं, वहिनींचा." तिच्या कोपरापासून चार बोटें खालीं त्यानें कोळशानें रेघ ओढली. झरोका पाडला, फळी काढून जड बरण्या ओट्याखालीं दुसऱ्या टोंकास नेल्या, भिंतींस चुना दिला. मोरीची वाट मोकळी झाली.

मध्यंतरीं आम्ही पुन्हां गेलों होतों. मुलाचें पाऊल बरें झालें आहे, डाग राहिला आहे. भिशींतले थोडे पैसे उरले आहेत, व त्यांत ओट्यामागें हातभर उंचीच्या फरशा बसवावयाच्या हें ठरलें आहे. तिची निळ्या रंगावर नजर आहे, त्याला नारिंगी हव्या आहेत, आणि आम्ही निघालों तेव्हांही तो वाद चाललाच होता.