चुकीचें मोल

बदलापुराजवळ सोनिवलीस आमच्या गच्चीवर माझा पुतण्या गेले दोन महिने बाल्सा लांकडाचें एक लहानसें विमान करीत आहे. परवां त्याच्या पंखाची एक फांसळी किंचित् तिरपी बसली. मी म्हणालों, "असूं दे रे; वरून कागद चिकटवलास म्हणजे कोणाला दिसणार आहे?" तो म्हणाला, "काका, उडतांना दिसेल!" आणि त्यानें ती फांसळी पात्यानें सोडवून काढली. 'चुकांपासून मनुष्य शिकतो' हें वचन मीं पुष्कळ वेळां उच्चारलें आहे. परंतु या शिकण्याचें मोल कोणी द्यावयाचें, हा प्रश्न त्या दिवशीं प्रथमच मनांत आला.

खरेंखुरें विमान घरीं बांधणारास हा प्रश्न टाळतां येत नाहीं. कांदिवलीचे वैमानिक अमोल यादव यांनीं आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधिलें. त्यापूर्वीचे त्यांचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. हें तिसरें विमान २०१६ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. २०१७ च्या नोव्हेंबरांत त्याची नोंदणी झाली, आणि उड्डाणाची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरांत मिळाली. इतका काळ लागलेला पाहून कोणीही विचारील: विमान ज्याचें, जीव ज्याचा, त्याला धोका पत्करण्याची मुभा कां नसावी?

आसन एकच असतें तर या आक्षेपांत पुष्कळ तथ्य होतें. बांधणारास आपल्या विमानाचा रिव्हेट न् रिव्हेट ठाऊक असतो. कोठें भोंक वांकडें पडलें आणि तें तसेंच ठेविलें, हेंही ठाऊक असतें. शेजारच्या आसनावर बसणाराला मात्र वरचा रंग तेवढा दिसतो. आपल्या चुकीचें मोल आपण देणें हें धाडस आहे. तेंच न सांगतां दुसऱ्याकडून घेणें ही फसवणूक होय.

मग चुका करूंच नयेत काय? तसें म्हटलें तर विद्याच खुंटेल. राइट बंधूंच्या १९०१ मधील ग्लायडरला त्यांच्या हिशेबापेक्षां फार कमी उचल मिळाली. त्यांनीं पूर्वसूरींच्या आंकड्यांवर विसंबून गणित केलें होतें. घरीं परतून त्यांनीं एक लांकडी पेटी केली, तींत पंख्यानें वारा सोडला, आणि पंखांच्या सुमारें २०० लहान आकारांची परीक्षा करून आंकडे टिपून ठेविले. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें यंत्र प्रथम उडालें, तें १२ सेकंद. त्या पेटींतही पुष्कळ आकार फसलेच. परंतु तेथें चुकीचें मोल पत्र्याचा एक तुकडा एवढेंच होतें. चूक आकाशांतून जमिनीवर आणणें, हेंच त्यांचें खरें शहाणपण.

आणि ती टिपून ठेवणें हें दुसरें. १८९५ सालीं चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनीं विमान उडविलें, अशी कथा आपण अभिमानानें सांगतों. पण त्या कसोटीचीं मोजमापें मागें उरलीं नाहींत. त्यामुळें त्या यंत्राच्या यशापासून वा अपयशापासून पुढच्या कोणाला कांहीं शिकतां आलें नाहीं.

हें सारें लिहितांना माझें मन मात्र स्वस्थ नाहीं. मी शिक्षक होतों. नोकरीच्या पहिल्या वर्षीं भूमितीचा एक सिद्धान्त मीं चुकीचा शिकविला. ध्यानांत आलें तेव्हां परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या वर्गाला मीं तो नीट समजावून दिला, आणि त्याला 'अनुभव' असें नांव दिलें. पहिल्या वर्गाला माझी चूक मीं कधींच सांगितली नाहीं. त्यांतील कित्येक मुलांनीं आपणच मठ्ठ आहों, अशी समजूत करून घेतली असेल. माझ्या शिकण्याचें मोल त्यांनीं दिलें, आणि तें त्यांना ठाऊकही नाहीं. फांसळीवर कागद चिकटविण्याचा सल्ला माझ्या तोंडीं इतक्या सहज कसा आला, हें मला आतां कळतें.