भातलावणी चाकुरात कुठली?

बसा. हजेरी नंतर घेते, आधी हे तुमचे बी.एड.चे नऊ स्वाध्याय बघा. तुमच्या शाळांतल्या मुलांच्या गैरहजेरीची कारणं विचारली होती. नऊही जणांनी लिहिलंय, ‘भातलावनीच्या दिवसांत मुले शाळेत येत नाहीत.’ चाकूर तालुक्यात भातलावणी कोण करतं हो? आपल्याकडं सोयाबीन, तूर, हरभरा. दिवाळी सरली की तांड्यावरचे आईबाप ऊसतोडीला निघतात आणि लेकरं त्यांच्यासोबत फडावर जातात. हे तुमच्या डोळ्यांदेखत घडतं, तुमच्याच हजेरीपटावर उतरतं. उत्तर मात्र कोकणातल्या कुणाच्या तरी वहीतून उचललंत. मूळ लिहिणाऱ्याचा चुकीचा ‘न’सुद्धा कुणाला खटकला नाही. उद्या वर्गातल्या पोरानं शुद्धलेखनाची वही पुढं केली तर त्याची चूक दाखवणार कोणत्या तोंडानं?

शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, माहितीचे तक्ते, यातून वेळ मिळत नाही असं म्हणाल. खरं आहे. गावात रेंज नसते, तेही मला ठाऊक आहे. म्हणून तर छापील पुस्तकं तुमच्या हातात दिली. 1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले पहिले कुलगुरू झाले, ते तुमच्यासारख्यांसाठीच. नोकरी आणि घरदार सोडून ज्याला शहरात शिकायला जाता येत नाही, त्याच्या दारात विद्यापीठ आलं. पुढं 2017 साली शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत पात्रता मिळवायची होती. देशभरातल्या लाखो शिक्षकांनी दूरशिक्षणातूनच ती वाट धरली. ही सोय काही फुकट पदरात पडलेली नाही.

आणि तुमच्याकडं जे आहे ते शहरातल्या नियमित बी.एड.वाल्यांकडं नाही. त्यांना सरावपाठासाठी परका वर्ग मागून घ्यावा लागतो. तुमच्यासमोर रोज स्वतःचा वर्ग बसलेला असतो. सकाळी वाचलेलं दुपारी करून बघता येतं, फसलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ते सोडून तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात रांग लावता! मला याचा राग येतो, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटतं. कारण नक्कल केलेल्या पानाची किंमत तुम्ही मोजत नाही. फडावरून परतलेली, अक्षरं विसरलेली मुलगी मागच्या बाकावर गप्प बसते, ती मोजते.

हे नऊही स्वाध्याय परत न्या. हजेरीपट उघडा आणि ऊसतोडीला गेलेली पाच नावं काढा. ती लेकरं कधी गेली, कधी आली, हंगामी वसतिगृहात का राहिली नाहीत, परतल्यावर काय वाचता येत होतं, ते त्यांच्या घरी जाऊन विचारा आणि स्वतःच्या अक्षरात लिहून आणा. एक पान झालं तरी चालेल. तोवर एकाही स्वाध्यायावर माझी सही होणार नाही.