गाळलेलं पाणी आणि निळी जीन्स

आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला अजून फडकं बांधलेलं असतं. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण दुपदरी कापडातून पाणी गाळायची त्यांची शिस्त मी मोडली नाही. परसातली विहीर होती तोवर त्या गाळलेल्या पाण्यातली जिवाणी पुन्हा विहिरीतच अलगद सोडायच्या. जिथला जीव तिथं जावा, एवढंच त्यांचं म्हणणं. हे फडकं आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीआधी लेकीबरोबर जीन्स घ्यायला खडेबाजारात गेले आणि अडकले ती इथंच.

लेक बेंगळुरात नोकरी करते. चार दिवसांसाठी आली होती. दुकानात तिनं गुडघ्यावर फिकट केलेली एक जीन्स उचलली. मागं कंबरपट्टीवर तपकिरी तुकडा शिवलेला. मी म्हटलं, "हे चामडं. ठेव खाली." दुकानदार म्हणाला, "अक्का, चामडं नव्हे, कागदासारखं असतंय बघा." मला काही पटेना. लेक हसली. "आई, एवढी पट्टी उसवून टाकली की पँट अहिंसक झाली होय? बाकीच्या पँटीचं काय?"

"बाकीचा कापूसच की गे," मी म्हटलं.

"आणि तू पाडव्याला नेसणार ती? ती कशाची?"

ती रेशमी होती. कोष उकळत्या पाण्यात टाकून काढलेल्या धाग्याची. एका साडीला असे हजारो कोष लागतात. मी काही बोलले नाही. जीन्स न घेताच आम्ही घरी आलो.

मी कला शाखेची. रसायनातलं मला फारसं कळत नाही. पण त्या रात्रीपासून लेकीनं जे जे वाचायला दिलं ते मी स्वयंपाकघराच्या अकलेनं समजून घेतलं. डेनिमचा उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून रसायनं घालून तिला विरघळवायचं, त्यात सूत बुडवायचं, हवेत धरायचं, पुन्हा बुडवायचं. रंग सुताच्या वरवरच बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून तर जीन्स विटते, आणि विटलेलीच आपल्याला आवडते. मग नवी कोरी पँट मुद्दाम जुनी करायची: दगडांबरोबर घुसळायची, रसायन फवारायचं, खरवडायचं, धुवायचं. त्या धुण्याचं निळं पाणी जिथं कुणी स्वच्छ करत नाही, तिथं ते ओढ्यात आणि नदीत जातं. मी घरात तांब्याभर पाणी गाळून घेते आणि माझ्या लेकीच्या पँटीपायी कुठलातरी अख्खा ओढा निळा होतो! सासूबाईंना हे कसं समजावून सांगितलं असतं?

फिकट गुडघ्यांची गोष्ट तर आणखी वाईट. तो रंग उडवायला वाळूचा जोरदार फवारा मारत. ती बारीक धूळ छातीत जाऊन तुर्कस्तानात जीन्सच्या कारखान्यांतली तरुण पोरं सिलिकोसिसनं गेली. 2009 साली त्या देशानं या पद्धतीवर बंदी घातली. आपल्याला पँट जुनी दिसायला हवी होती, म्हणून कुणाच्या तरी मुलाचा श्वास कोंडला.

पाण्याचा हिशेब लिव्हाइस कंपनीनं स्वतःच 2015 मध्ये मांडला होता. एका जीन्सच्या आयुष्यभरात सुमारे 3,781 लिटर पाणी लागतं. त्यातलं दोनतृतीयांश कापूस पिकवायला जातं, आणि जवळजवळ चौथा हिस्सा आपण घरी धुतो त्यात. हे वाचताना मला श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी आठवली. त्यात 'सरःशोषण' आहे, म्हणजे तळी-सरोवरं आटवणं. लहानपणी पाठशाळेत वाटायचं, तळं आटवायचा धंदा कोण करणार? आता कळलं. मध्य आशियातला अरल समुद्र 1960 नंतर आटत गेला, कारण त्याला मिळणाऱ्या दोन्ही नद्यांचं पाणी मुख्यतः कापसाच्या शेतांकडे वळवलं. बोटी कोरड्या वाळूवर उभ्या राहिल्या. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात विकायला निषिद्ध ठरवलेल्या वस्तूंत निळीचंही नाव आहे. त्यांनी जीन्स पाहिली नव्हती, पण एका वस्तूमागं किती जीव गुंततात हे पाहायची नजर त्यांच्याकडे होती.

आता खरा प्रश्न. हे पाप कुणाचं? रंगवणाऱ्याचं, विकणाऱ्याचं, की माझं?

आपल्याकडे हिंसा तीन प्रकारे लागते असं सांगितलंय: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्यानं केलेली पाहून मान डोलावलेली. कृत, कारित, अनुमोदित. माझ्या स्वाध्याय मंडळातल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आपण कुठं सांगितलं त्यांना ओढ्यात पाणी सोडा म्हणून? आपण दुकानात तयार माल घेतो. उद्या आपण नाही घेतला तर दुसरं कुणी घेणार." तिचं म्हणणं खोटं नाही. मी हुकूम दिलेला नाही. पण मांस विकत घेणाराही कसायाला हुकूम देत नाही, आणि तरी त्याला आपण निर्दोष म्हणत नाही. तिथं जो न्याय लावतो, तो कपड्याच्या दुकानात शिरताना आपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

मग जीन्स घ्यायचीच नाही, हा एक सोपा मार्ग. मलाही आधी तोच सुचला. पण 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा कोसळला, त्याबद्दल वाचलं आणि मी थांबले. त्या इमारतीत कपडे शिवायचे पाच कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते, तरी माणसांना कामावर बोलावलं. अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बायकाच जास्त. त्यानंतर सगळ्या जगानं तिथला कपडा घ्यायचा सोडला असता, तर वाचलेल्या बायकांची चूलही विझली असती. त्यांना मशीन सोडायचं नव्हतं. भिंत पडू नये आणि मजुरी वेळेवर मिळावी, एवढंच हवं होतं. त्याच वर्षी कंपन्या आणि कामगार संघटनांनी इमारतींच्या सुरक्षेचा करार केला, तो लोकांनी प्रश्न विचारल्यामुळे. पाठ फिरवली असती तर झाला नसता.

शिवाय कापडावर जगणारी माणसं आपल्यातही किती! शहापूर-वडगावातल्या मागांचा खडखडाट ऐकत मी मोठी झाले. इचलकरंजीत आमचे निम्मे नातेवाईक सुताच्या व्यवहारात. शास्त्रानंही गृहस्थाला उद्योगातली हिंसा पूर्ण सुटणार नाही हे ओळखलंय. ठरवून, हौसेनं केलेली हिंसा मात्र त्यानं सोडायचीच. निष्कारण होणाऱ्या नुकसानीला 'अनर्थदंड' असं वेगळं नावच आहे. अंग झाकायला पँट लागते, ते एक. ती फाटकी, विटकी दिसावी म्हणून कुणाची छाती आणि कुठलं पाणी खर्ची घालायचं, हे दुसरं.

दुसराही एक सोपा मार्ग आहे आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. सेंद्रिय कापसाची, शिक्क्याची महाग जीन्स घ्यायची आणि निश्चिंत व्हायचं. शिक्के वाईट नसतात. जीओटीएस नावाचा एक शिक्का आहे. त्यात कापूस सेंद्रिय आहे का एवढंच बघत नाहीत, सांडपाणी आणि कामगारांचे हक्कही बघतात. मिळाला तर जरूर घ्यावा. पण शिक्क्याच्या चार पँटी घेणारीपेक्षा साधी एकच घेऊन दहा वर्षं वापरणारी मला अपरिग्रहाच्या जवळची वाटते. परिग्रहाचं परिमाण ठरवताना शेत, घर, सोनं, धान्य यांच्याबरोबर कापडही मोजायला सांगितलंय. त्या दिवशी मी कपाट उघडून मोजलं. साड्या त्र्याऐंशी. त्यात रेशमी चौदा. लेकीच्या जीन्स तीन.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. गडद निळी, न विटवलेली, न फाडलेली, जाड कापडाची एक जीन्स निवडली. चिठ्ठीवर बळ्ळारीचा पत्ता होता. मी विचारलं, "हे रंगाचं पाणी तिथं कुठं सोडतात हो?" दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "अक्का, इतकी वर्षं दुकान चालवतोय, हे कुणी विचारलं नव्हतं." उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पण पुढच्या वेळी माल घ्यायला जाईल तेव्हा विचारतो म्हणाला. विचारेल की नाही, देव जाणे. मी मात्र पुन्हा विचारणार आहे.

जीन्स लांबीला जास्त होती. आमच्या गल्लीत फॉल-पिको करणारी एक बाई आहे, तिच्याकडे नेली. जाड कापडाला सुई मोडते म्हणून तिनं पन्नास रुपये सांगितले. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तीस घे की." लेकीनं फक्त वळून पाहिलं. तीन रात्री मी ढाक्यातल्या बायकांसाठी हळहळत होते आणि माझ्या दारातल्या बाईचे वीस रुपये कापत होते.

मी पन्नास दिले. त्यानं ढाक्यात काही बदललं नाही, हे मला कळतं. पण जिच्या हाताचं काम मी डोळ्यांनी बघते, तिच्याशी जे जमत नाही, ते न दिसणारीशी कुठून जमणार?

लेक आता जीन्स आठ-दहा वेळा घातल्याशिवाय धूत नाही. पहिल्यांदा मला शिसारी आली. आता मी गप्प बसते. रेशमी साडी नवी घ्यायची नाही, असं मी ठरवलंय. जुन्या चौदा अजून कपाटात आहेत. टाकून दिल्या तरी ते जीव परत येणार नाहीत. पाडव्याला एक नेसले. आरशात पाहताना पूर्वीसारखी निश्चिंत नव्हते, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं.