बांधाच्या दोन्ही अंगांना

पेण शहरातून पश्चिमेकडे निघाले आणि गणपतीचे कारखाने मागे पडले, की जमीन एकाएकी सपाट होते. इथून खारेपाट सुरू होतो. लांबच लांब मातीचे बांध, त्यांच्या आत भाताची खाचरे आणि बाहेर चिखल, तिवरे, धरमतरच्या खाडीचे पाणी. उधाणाच्या दिवशी हे पाणी आतल्या शेतापेक्षा उंच चढते आणि मध्ये उभा असतो तो फक्त बांध. बांधात जागोजागी उघाड्या बसवलेल्या असतात. ओहोटीला उघाडी उघडते आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते आणि खारे पाणी आत येत नाही.

पाण्याचा दाब, भरती-ओहोटी, मातीतला क्षार आणि माणसाचे श्रम एकाच ठिकाणी दाखवणारी ही प्रयोगशाळा इथल्या कित्येक शाळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही पाणथळ जागांचा धडा आला, की फळ्यावर येतो तो रोहित पक्षी, तोही ठाण्याच्या खाडीतला.

ठाण्याच्या खाडीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आले. ऐरोलीला राज्याच्या कांदळवन कक्षाचे केंद्र आहे. तिथून बोटीत बसून हजारो गुलाबी पक्षी पाहणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद खराच असतो. पण अशा सहलीतून पेणच्या मुलाच्या मनात एक समजूत हळूच रुजते. निसर्ग म्हणजे तिकीट काढून पाहायला जायची गोष्ट, आणि आपल्या घरामागे आहे तो नुसता चिखल.

ही समजूत मुलाचीच आहे असेही नाही, कायदाही तसेच म्हणतो. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी झालेल्या कराराने पाणथळ जागेची व्याख्या पुष्कळ सैल ठेवली. नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, पाणी गोडे असो वा खारे, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रही तिच्यात बसतो. भारताचे २०१७ चे पाणथळ जागांविषयीचे नियम ही व्याख्या जवळपास तशीच उचलतात आणि लगेच अपवाद सांगू लागतात. नद्यांचे प्रवाह, भातशेती, मत्स्यशेतीसाठी आणि मिठासाठी बांधलेल्या रचना त्यांनी वगळल्या आहेत. म्हणजे खाचर गेले, मिठागर गेले, जिताड्याचे तळेही गेले. पेणच्या खारेपाटातून एवढे वजा केल्यावर पाणथळ म्हणायला बांधाबाहेरची पट्टी काय ती उरते, आणि तिच्यासाठी किनारपट्टीचे नियम वेगळेच आहेत.

जपानमध्ये नेमके उलटे घडले. काबुकुरी-नुमा हे सरोवर २००५ मध्ये रामसर यादीत गेले ते भोवतालच्या भातखाचरांसह, कारण हिवाळ्यात तिथे उतरणाऱ्या रानहंसांना सरोवर आणि शेत यांतला फरक ठाऊक नव्हता. पुढे २००८ मध्ये रामसर देशांच्या परिषदेने भातशेती हीसुद्धा पाणथळ परिसंस्था असल्याचा ठराव केला. पेणच्या खाचरात कापणीनंतरच्या ओलीत लांब लाल पायांवर उभ्या असलेल्या शेकाट्याला, किंवा ढोकरीला आणि कुदळ्याला, ठराव आणि नियम दोन्ही वाचता येत नाहीत. त्यांचे बरे चालले आहे.

खरा पेच मात्र पक्ष्यांचा नाही, तिवरांचा आहे. निसर्गशिक्षणाच्या बहुतेक कार्यक्रमांत एक वाक्य ठरलेले असते: खारफुटी वाचवा. ते खरेच आहे. तिवरांच्या मुळांत कोळंबीची, माशांची पिले वाढतात, लाटांचा जोर मोडतो, गाळ धरला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर तिवरांची तोड थांबवली ती याचमुळे. पण खारेपाटात बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर दर भरतीला खारे पाणी शेतात शिरते. एक-दोन पावसाळ्यांत भात संपतो आणि पाठोपाठ तिवरे उगवतात. ती एकदा उगवली की काढता येत नाहीत, कारण तोडबंदी आहे. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर आणि जमिनीवर मात्र कांदळवन, अशी स्थिती होते. खाडीतून मालाच्या बार्जेस ये-जा करतात, त्यांच्या लाटांनी बांध खचतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. पूर्वी गावकी एकत्र येऊन बांधबंदिस्ती करी. नंतर ते काम सरकारी खारभूमी खात्याकडे गेले आणि पहिली कुदळ कोणी मारायची हा प्रश्न अर्जांत अडकू लागला.

आता या गावातल्या सहावीच्या मुलीला शाळेत ‘तिवर आपला मित्र’ असा तक्ता रंगवायला सांगितला, तर ती रंगवील. संध्याकाळी घरी आजोबा म्हणतील, तिवरं आली आणि शेत गेलं. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. कार्यक्रम जर तिला या दोन वाक्यांपैकी एक विसरायला लावत असेल, तर तो निसर्गशिक्षण देत नाही, घोषणा पाठ करून घेतो. मुलांना बांधावर उभे करून दोन्ही अंगांना पाहायला लावणे अधिक अवघड आहे, कारण तिथे शिक्षकालाही उत्तर तयार ठेवता येत नाही.

आणि इथल्या मुलांना वाद झेपणार नाही असे समजायचे काही कारण नाही. याच तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे जनमत घेतले गेले. त्यांची नातवंडे आज शाळेत आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. सक्ती आली, पुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या. त्या वह्या भरून देणारी दुकानेही आली. वर्गाबाहेरचे शिक्षण ही कल्पना मात्र आपल्याकडे न्यायालयाच्या आधीच पोहोचली होती. विनोबा भावे १८९५ मध्ये याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मले. आधी नुसते शिकायचे आणि मग नुसते जगायचे, अशी आयुष्याची दोन शकले करणाऱ्या शिक्षणावर त्यांनी कडक टीका केली. डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसले, की आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेत निसर्ग हा वेगळा विषय नव्हता. गुरे चरत होती, झाडे उभी होती, धडा तिथेच होता.

पेणमध्ये आणि शेजारच्या रोह्यात या कुरणशाळेची आठवण आणखी एका कारणाने व्हावी. पक्षिनिरीक्षणाचे, शिबिरांचे दिवस म्हणजे हिवाळा. आणि दिवाळी झाली की इथल्या अनेक कातकरी वाड्या ओस पडतात, आईबाप वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. चिंबोरी कोणत्या बिळात आहे हे चिखलावरच्या खुणांवरून सांगणारी हीच मुले दुर्बिणी वाटल्या जातात त्या दिवशी गावात नसतात. कार्यक्रम पावसाळ्यात घेतला तर ती असतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की मासे प्रवाहाविरुद्ध चढून खाचरांत अंडी घालायला येतात. ही वलगण. पाग घेऊन सगळे गाव धावते आणि गाबोळीने भरलेले मासे घरोघरी शिजतात. अंडी घालायला आलेला मासा धरावा का, किती धरावा, कोणासाठी तो चैन आहे आणि कोणासाठी त्या दिवसाचे जेवण, यावर चिखलात उभे राहून झालेली चर्चा कुठल्याही तक्त्यापेक्षा लांब पुरेल. अर्थात पावसात मुलांना बाहेर न्यायचे म्हणजे साप, निसरडे बांध आणि मुख्याध्यापकांची झोप उडणे आलेच. दोन शिक्षकी शाळेत ही भीती क्षुल्लक नाही. गावातली दोन जाणती माणसे बरोबर असतील तरच हे करावे.

रोह्याकडे पाण्याचा धडा वेगळा आहे. कोलाडला कुंडलिकेत रबरी होड्यांतून शहरी पाहुणे खळाळत जातात ते पाणी मुळात कोकणचे नाही. ते मुळशी धरणाचे, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले. १९२७ पासून ते सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजघरात उतरवले जाते आणि मग कुंडलिकेला मिळते. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह केला. पुढे तीच नदी धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारून रेवदंड्याच्या खाडीकडे जाते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत जाऊन बसते. भिऱ्यापासून खाडीपर्यंत तीन ठिकाणी बाटल्या भरून रंग, वास आणि गाळ यांची नोंद ठेवायला आठवीच्या वर्गाला महागडी साधने लागत नाहीत.

सालिम अली यांनी १९३० मध्ये किहीमला, म्हणजे शेजारच्या अलिबाग तालुक्यात, सुगरणींच्या वसाहतीपुढे बसून नोंदी केल्या तेव्हा त्यांच्याकडे नोकरी नव्हती आणि वेळ भरपूर होता. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी त्यांतले पसंत करते आणि मग तो दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यातून जगाला कळले. एका दिवसाच्या सहलीत हे दिसले नसते. पुन्हा पुन्हा त्याच जागी जाणे हीच यातली खरी किंमत आहे, आणि ती गावातल्या शाळेलाच परवडते.

त्यासाठी घड्याळ मात्र खाडीचे पाळावे लागेल. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पाऊणकी आता शाळेत शिकवत नाहीत, पण इथे ती उपयोगी पडते. पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि पाणी बाराच्या सुमारास भरते. हा पाऊण तास कुठे गेला, आणि खाडीच्या आत उघाडीपाशी भरती आणखी किती उशिरा पोहोचते, हे काठी रोवून मोजता येते. जागतिक पाणथळ दिन दरवर्षी २ फेब्रुवारीला येतो, तिथी मात्र दरवर्षी वेगळी. त्या दिवशी अष्टमी असली तर दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी असेल, साडेदहाला भरणारी शाळा निवांत चालत जाऊन उघडी उघाडी पाहू शकेल. पौर्णिमा असली तर त्याच वेळी पाणी बांधाला लागलेले असेल. मग सकाळी सातलाच निघावे लागेल, डबे पाठीला बांधून.