थोडे राज्य आणि कोणाचे सुख?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे आमचे कुरुंदवाड १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत पटवर्धनांचे संस्थान होते. तेही थोरली व धाकटी अशा दोन पात्यांत विभागलेले. माझ्या लहानपणी वडीलधारी मंडळी त्या दिवसांविषयी बोलू लागली, की ‘सरकारचा जाच नव्हता’ हे उद्गार हमखास निघत.

ते आठवले म्हणजे चिनी तत्त्ववेत्ता लाओत्से डोळ्यांपुढे येतो. त्याच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथात लहानसे राज्य, थोडी प्रजा आणि अस्तित्वही फारसे न जाणवणारा राजा असा आदर्श आढळतो. राजाच्या ढवळाढवळीने प्रजेचा सहजभाव बिघडतो, असा त्याचा अभिप्राय. पुढे १८५९ साली मिल्लने ‘ऑन लिबर्टी’त सांगितले, की दुसऱ्यास इजा पोहोचत असेल तरच सत्तेने व्यक्तीच्या वर्तनात हात घालावा. निष्कर्ष सारखे भासले तरी त्यांची मुळे भिन्न आहेत. लाओत्सेचा राजा स्वस्थ बसतो तो शहाणपणामुळे. मिल्लचे सरकार थांबते ते नागरिकाच्या हक्कापाशी. शहाण्यामागून अविचारी राजा गादीवर आला, तर प्रजेच्या हाती काय उरते? संस्थानी निवांतपणाही असाच मर्जीवर अवलंबून होता.

मग हक्काच्या तत्त्वाने सारा प्रश्न सुटतो काय? १८९१ चा संमतिवयाचा वाद पाहावा. मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्यास टिळकांनी विरोध केला. सुधारणा समाजाने आपखुशीने करावी, परकी सरकारने लादू नये, हे त्यांचे म्हणणे. आणि परकी सत्ता एकदा उंबरठ्याच्या आत आली की कोठे थांबेल, ही भीती पोकळ नव्हती. उलट मिल्ल व स्पेन्सर यांचे अभ्यासक आगरकर कायद्याच्या बाजूस उभे राहिले. वरवर ही विसंगती दिसते. पण मिल्लचीच कसोटी लावली तर इजा त्या मुलीस होत होती. तिच्यावर घरातच एक राज्य चालू होते, नवऱ्याचे व सासरचे. सरकारने हात आखडल्याने ती स्वतंत्र होणार नव्हती. ते घरातले राज्य तेवढे निर्वेध चालले असते.

तेव्हा सरकार किती थोडे असावे हे ठरविण्यापूर्वी, ते मागे सरल्यावर त्याची जागा कोण घेतो, हे पाहणे अगत्याचे आहे. ‘जाच नव्हता’ असे म्हणणारी आमच्याकडील मंडळी बहुतेक पुरुषच होती. आजीला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नाही.