संचित, क्रियमाण आणि यकृताचा रोग

रोग हे पूर्वकर्माचे फळ मानावे काय, हा जुना प्रश्न हिपॅटायटिस बी या विषाणूच्या संदर्भात विशेष तीव्र होतो. कारण प्रसूतीच्या वेळी मातेकडून ज्या अर्भकास संसर्ग होतो, त्याच्या हातून या जन्मी कोणतेही कर्म घडलेले नसते, आणि तरीही अशा सुमारे ९० टक्के अर्भकांत तो जुनाट, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक टिकणारा ठरतो.

यकृतपेशीच्या केंद्रकात विषाणूचा डीएनए वर्तुळाकार रूपात दडून राहतो, त्याचे काही तुकडे पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये मिसळतात, आणि प्रतिकारशक्ती बाधित पेशींवर वर्षानुवर्षे हल्ला करीत असल्याने पेशी मरत व नव्याने विभागत राहतात. त्या ओघात जनुकीय चुका साचतात, व्रणांनी यकृत कठीण होते, म्हणजे सिरॉसिस होतो, आणि पुढे, कधी सिरॉसिसवाचूनही, कर्करोग उद्भवतो.

या साचण्याला ‘संचित’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु संचित ही नैतिक संज्ञा आहे, आणि पेशीतील चूक पाप-पुण्य जाणत नाही. रुग्णास दोषी ठरविणे म्हणजे कारण आणि अपराध यांची गल्लत करणे होय. कर्मविचाराचा खरा आधार क्रियमाणात, म्हणजे आज केल्या जाणाऱ्या कर्मात आहे: तैवानने १९८४ मध्ये नवजातांचे लसीकरण सुरू केले आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग लक्षणीय घटला. जन्मानंतर २४ तासांच्या आत इवल्याशा मांडीत टोचली जाणारी ती लस, म्हणूनच, करुणेचे धर्मकृत्य ठरते.