फक्त एक सेटिंग

सर्व्हर बंद पडला तरी सेवा बंद पडू नये म्हणून एकाऐवजी तीन किंवा पाच सर्व्हरांचा क्लस्टर उभा करतात. सगळे एकदम बिघडणार नाहीत, हे त्यामागचे गृहीतक. डिस्क, वीज, केबल यांच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. पण सगळ्या नोडांवर, म्हणजे क्लस्टरमधल्या सर्व्हरांवर, एक गोष्ट सामाईक असते, ती म्हणजे आपण दिलेले कॉन्फिगरेशन. त्यात चूक झाली की क्लस्टर ती थोपवत नाही, इमानेइतबारे सगळीकडे पोचवतो. एवढा खर्च करून मिळवलेले संरक्षण नेमके इथे संपते. तरीही ‘फक्त एक सेटिंग बदलायची आहे’ हे ऐकून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका फाईलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे आडवी केली. भारतात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ती फाईल म्हणजे नवे सॉफ्टवेअर नव्हते. आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरने काय शोधावे, हे सांगणारा मजकूर होता. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांना टप्प्याटप्प्याने घेता येत असे, या मजकुराला मात्र ती सोय नव्हती. कंपनीने ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली, पण तोवर पडलेली यंत्रे त्याने उठली नाहीत. अनेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जावे लागले. हल्लेखोर थांबत नाहीत, मग आम्ही कसे थांबणार, हा सुरक्षेच्या क्षेत्रातला युक्तिवाद खोटा नाही. पण लवकर आणि एकदम या वेगळ्या गोष्टी आहेत. ती फाईल वाचताच यंत्रे कोसळत होती. आधी थोड्या यंत्रांवर काही मिनिटे ठेवली असती तरी कळले असते.

मग एकेक नोड घ्यावा, हे ओघानेच आले. पण तेवढ्याने भागत नाही. तीन नोडांच्या क्लस्टरमध्ये कोरम, म्हणजे चालू राहायला लागणारे बहुमत, दोनाचा असतो. बदलासाठी एक नोड बाजूला काढला की उरलेल्यांपैकी एकही पडून चालत नाही. म्हणजे काम चालू असेपर्यंत आपला क्लस्टर नावापुरताच असतो. हे काम रात्री दोनला उरकण्याची आपल्या आयटीतली रीत मला फारशी पटत नाही. त्या वेळी भार कमी असतो म्हणून दोष दिसत नाही, आणि दोष ओळखू शकणारी माणसे झोपलेली असतात.

शिवाय क्रमही महत्त्वाचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका वेळी किती जोडण्या घ्यायच्या, हे ‘मॅक्स कनेक्शन्स’ या सेटिंगने ठरते. प्रायमरी या मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या राखीव सर्व्हरवरचा, म्हणजे स्टँडबायवरचा, हा आकडा प्रायमरीपेक्षा कमी असून चालत नाही. म्हणून २०० चे ४०० करायचे तर आधी सगळे स्टँडबाय बदलून रीस्टार्ट करायचे, मग प्रायमरी. उलटे केले तर जुन्या आवृत्त्यांत स्टँडबाय बंदच पडायचा. चौदाव्या आवृत्तीपासून तो लॉगमध्ये इशारा लिहून प्रायमरीकडून येणारे बदल लावणे थांबवतो, पण प्रश्नांना उत्तरे देत राहतो. मला ही सुधारणा थोडी धोक्याचीच वाटते. बंद पडलेला सर्व्हर लगेच लक्षात येतो. शिळी माहिती देणारा सर्व्हर लॉग न पाहणाऱ्याला ठणठणीत वाटतो.

बदल लागू करणे लांबवत राहावे, हा मार्गही सुरक्षित नाही. फाईलमध्ये नवा आकडा लिहून रीस्टार्ट पुढे ढकलला, की फाईल एक सांगते आणि चालू सर्व्हर दुसरेच करतो. पुढे कधीतरी तो सर्व्हर वेगळ्याच कारणाने रीस्टार्ट होतो आणि विसरलेला आकडा ऐन अडचणीत लागू होतो. पोस्टग्रेसच्या सेटिंग्जच्या यादीत ‘पेंडिंग रीस्टार्ट’ असा रकाना यासाठीच आहे. तो किती जण उघडून पाहतात, कोण जाणे.

बदलाच्या अर्जात रोलबॅकची, म्हणजे बदल मागे कसा घ्यायचा हे लिहिण्याचीही जागा असते. तिथे बहुतेक वेळा ‘जुनी फाईल परत टाकणे’ एवढेच लिहिलेले सापडते आणि त्यावर सहीही होते. वरच्या उदाहरणात ४०० चे पुन्हा २०० करताना आधी प्रायमरी उतरवावा लागतो, मग स्टँडबाय. घाईत कुणी चढतानाचाच क्रम वापरला, तर पहिलाच स्टँडबाय अडकतो.